हळूबाईंचा डावा गुडघा

गाडी शिकवायच्या शाळेच्या पाटीवर बाईंचं पूर्ण नाव ठळक अक्षरांत रंगवलेलं होतं, पण त्या नावाने त्यांना कुणी हाक मारल्याचं कुणाला आठवत नाही. शेजारच्या सीटवर बसून त्या दिवसभर एकच शब्द बोलायच्या, "हळू." वळण आलं, हळू. चढ आला, हळू. समोरून ट्रक अंगावर येतोय आणि शिकणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालंय, तरी बाईंचा आवाज तेवढाच, "हळू." त्यावरून कुणीतरी त्यांना हळूबाई म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते कायमचं.

अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलं होतं. त्यांच्या पायाशी दुसरा ब्रेक आणि दुसरा क्लच असायचा, त्यामुळे शिकणाऱ्याने कितीही घोळ घातला तरी गाडी भिंतीत शिरायची नाही. कधी एखादा ओरखडा निघायचाच. मग बाई गाडी कडेला घ्यायला लावायच्या, इंजिन बंद करायच्या आणि म्हणायच्या, "आता पहिल्यापासून सांग. नजर कुठे होती, पाय कुठे होता?" ओरडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पण कुणी "ब्रेकच लागला नाही" अशी थाप मारली, तर मात्र त्या दिवशीचा धडा तिथेच संपायचा.

दुसऱ्यांच्या चुकांवर उजवा पाय दाबून दाबून त्यांचा उजवा गुडघा कामातून गेला. जिना उतरताना कळ यायची, मग चढताना यायला लागली, मग बसल्या जागी. मोठ्या रुग्णालयातल्या हाडांच्या डॉक्टरने फोटो काढून सांगितलं की गुडघ्यातली गादी फाटलीय, दुर्बिणीतून छोटंसं ऑपरेशन करू, दुसऱ्या दिवशी घरी जाल. डॉक्टर चाळिशीचा, बोलायला कंजूष, पण हात चांगला असल्याची त्याची ख्याती होती. शेजारणीच्या वडिलांचं मोडलेलं खुब्याचं हाड त्यानेच बसवलं होतं आणि शेजारीण त्याला देवमाणूस म्हणायची.

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टर खोलीत येऊन गेला. बाईंच्या उजव्या मांडीवर पेनाने बाण काढला, थोडं हसला आणि गेला. पुढे बाईंच्या कमरेत सुई टोचली, खालचं अंग बधिर झालं, छातीपाशी पडदा लावला. गुंगीचं औषधही दिलं होतं. डोळे मिटत असताना पडद्यापलीकडून एका बाईचा आवाज आला, काहीतरी विचारल्यासारखा. त्यावर एका पुरुषाचा आवाज आला, "चला, चला." त्यानंतरचं त्यांना काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा त्या खोलीत होत्या आणि नवरा पायथ्याशी उभा होता. पोस्टातून निवृत्त झालेला हा गृहस्थ जन्मभर पत्ते वाचत आला होता आणि चुकीच्या घरी टपाल टाकल्याचा डाग त्याच्या नोकरीवर नव्हता. त्याने पांघरूण उचललं, परत टाकलं, परत उचललं.

"तुझा दुखरा गुडघा कोणता गं?" त्याने विचारलं.

"उजवा."

"म्हणजे तुझा उजवा, का माझ्या बाजूने उजवा?"

बाई अजून अर्धवट गुंगीत होत्या. "माझा गुडघा माझ्याच बाजूने उजवा असणार ना, अहो."

नवरा पलंगाला वळसा घालून उशाशी आला, बायकोचं तोंड होतं त्याच दिशेला तोंड करून उभा राहिला आणि आपला उजवा हात पुढे धरून बघितला. मग जणू काही गुन्हा त्याच्याच हातून घडला होता अशा आवाजात म्हणाला, "मग पट्टी डाव्याला बांधलीय."

मजल्यावरच्या नर्सने येऊन बघितलं आणि ती लगबगीने निघून गेली. बऱ्याच वेळाने डॉक्टर आला, सोबत रुग्णालयाचा व्यवस्थापक. बोलला तो व्यवस्थापकच. डाव्या गुडघ्यातही झीज होती म्हणे, म्हणून डॉक्टरांना तो आधी करणं योग्य वाटलं. उजवाही करू, त्याचे पैसे लागणार नाहीत, फक्त आमची काही तक्रार नाही अशी सही द्या. डॉक्टर पायथ्याशी उभा होता आणि त्याची नजर पट्टीवरून हलत नव्हती. बाईंनी त्यालाच विचारलं, "असंच आहे का, डॉक्टर?" तो म्हणाला, "उजवाही करून घेऊ." बाईंना हे उत्तर ओळखीचं होतं. ब्रेक न लागणाऱ्या शिकाऊ माणसांकडून त्यांनी ते खूपदा ऐकलं होतं.

सही न करता त्या घरी आल्या.

उजवा गुडघा होता तसाच होता. आणि डावा, ज्याने जन्मात कधी कुरकुर केली नव्हती, तो सुजला, त्यात पाणी झालं, पाणी काढलं तरी परत झालं. एका पायाने लंगडणं माणसाला जमतं. दोन्ही पायांनी लंगडायचं म्हटलं की शरीराला कळेनासं होतं, कलायचं कुठे. बाई स्वयंपाकघरात ओट्याला धरून आणि बाहेरच्या खोलीत भिंतीला धरून चालू लागल्या. शाळेची एक गाडी दारात धूळ खात उभी राहिली आणि दुसरीवर एक जुना विद्यार्थी, आता टॅक्सी चालवणारा, सकाळी येऊन शिकवून जायचा.

घरात मात्र दुसरंच पेटलं होतं. नवरा दावा लावायचाच म्हणून हटून बसला. दुकानदाराने चुकून जास्त दिलेली मोड परत करायला उन्हातून चालत जाणारा हा माणूस आता जेवताना, आंघोळीला जाताना, दात घासतानासुद्धा डॉक्टरला कोर्टात उभा करत होता. लेक दुसऱ्या शहरात विमा कंपनीत होती, असले खटले रोज तिच्या टेबलावरून जायचे. तिने फोनवर सांगितलं, "आई, निकाल लागेपर्यंत गुडघा दुखायचा थांबेल आणि खटला दुखायला लागेल. सोडून दे." शेजारीण येऊन चहा पिऊन गेली आणि जाताना म्हणाली की उद्या सगळेच डॉक्टर घाबरले तर आपल्याला हात कोण लावणार? त्यानंतर तिचं येणंजाणं जरा कमीच झालं.

गावातली एक वकीलीण बाईंची जुनी विद्यार्थिनी होती. गाडी मागे घेऊन लावणं तिला जमायचं नाही, त्यापायी परीक्षेत ती तीनदा नापास झाली होती आणि बाईंनी चौथ्यांदा तिला पास करून आणलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बाई, केस चांगली आहे," ती म्हणाली. "पण रुग्णालयवाले दोन्ही गुडघे खराब होते असं रडगाणं गातील. आतमध्ये काय झालं ते आतली माणसंच जाणतात आणि ती मूग गिळून बसतील. वेळ लागेल, मनस्ताप होईल. तुम्ही ठरवा. आणि एक सांगते, डॉक्टरला एकट्याने भेटायला जाऊ नका."

बाईंना ठरवता येईना. गंमत अशी की त्यांना डॉक्टरचा फारसा रागच आला नव्हता. उजव्याडाव्याचा गोंधळ त्यांनी इतक्या शहाण्या माणसांच्या हातून झालेला बघितला होता की त्यात त्यांना नवल वाटेना. त्यांच्या डोक्यातून जात नव्हता तो पडद्यामागचा आवाज. ती बाई काय म्हणाली? नवरा म्हणाला की गुंगीत माणसाला काहीही ऐकू येतं. तसं असेलही. पण "चला, चला" त्यांना स्पष्ट आठवत होतं, आणि कुणी काही विचारल्याशिवाय माणूस "चला" कशाला म्हणेल?

शेवटी एका दुपारी नवरा बँकेत गेलेला बघून त्यांनी टॅक्सीवाल्या विद्यार्थ्याला बोलावलं आणि रुग्णालयात जाऊन इतर पेशंटांबरोबर बाकावर बसल्या. नंबर लागला तेव्हा आत गेल्या. त्यांना बघताच डॉक्टरने मदतनिसाला बाहेर पाठवलं. आधी त्याने डावा गुडघा हातात घेऊन वाकवून बघितला, सूज दाबून बघितली. त्याचे हात खरोखरच हलके होते.

"मी भांडायला आले नाही," बाई म्हणाल्या. "काय झालं ते मला पहिल्यापासून सांगा."

यावर काही बोलू नका असं मला रुग्णालयाने बजावलंय, असं डॉक्टर म्हणाला.

"मग नका सांगू. मी जाते." बाई उठायला लागल्या. दोन्ही हात टेबलावर रोवून, एक पाय सरळ करून, मग दुसरा, असं त्यांचं उठणं बराच वेळ चाललं. डॉक्टर बघत होता.

"बसा," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. त्या सकाळी बाईंच्या आधी एका दुसऱ्या पेशंटचा नंबर होता, त्याचा डावा गुडघा करायचा होता. ऐनवेळी त्याला ताप आला आणि बाईंना आत घेतलं. टेबल, पडदा, यंत्र, सगळी मांडणी डाव्या बाजूची होती, ती तशीच राहिली. बाण काढलेला पाय कापडाखाली झाकला गेला. सुरू करण्याआधी सगळ्यांनी थांबून पेशंटचं नाव आणि अवयव मोठ्याने म्हणायचा नियम आहे. तेही झालं होतं, पण कुणीतरी ते पुटपुटल्यासारखं म्हटलं आणि तो तेव्हा हात धूत होता. दुर्बीण आत गेल्यावर फोटोत दिसली होती तेवढी गादी फाटलेली नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं. "वयाप्रमाणे थोडी झीज होती," तो म्हणाला. "मला जे दिसायला हवं होतं, तेच मी बघितलं. आणि तेवढं कापलं."

मग बाईंनी विचारलं, "सुरू करण्याआधी कुणी काही बोललं होतं?"

डॉक्टरने टेबलावरचं पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. "सिस्टर म्हणाल्या होत्या, सर, उजवा ना?"

"आणि तुम्ही?"

"चला म्हणालो. उशीर झाला होता. आणि ती नवीन होती."

"कुठे असते ती आता?"

"तिला काढलं. मांडणी तिने चुकवली असं ठरलं."

"कुणी ठरवलं?"

"बैठकीत ठरलं."

"तुम्ही होतात बैठकीला?"

"होतो," डॉक्टर म्हणाला.

बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं आणि त्याची आई त्याला गप्प करत होती. बाईंनी पर्स मांडीवर घेतली.

"तुम्ही खरं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "माझ्या मनात तुमच्याबद्दल जी अढी होती ती गेली."

डॉक्टरचे खांदे जरा सैल झाले.

"पण मी दावा लावणार आहे."

"मला वाटलं, सांगितल्यावर तुम्ही..."

"येताना मलाही तसंच वाटलं होतं. मला फक्त ऐकायचं होतं आणि घरी जायचं होतं." त्यांनी पर्स खांद्याला अडकवली. "पण आता मला हे ठाऊक झालं. ठाऊक असून मी गप्प बसले तर त्या बैठकीत मीही बसल्यासारखं होईल. हे तुम्ही मला बंद दाराआड सांगितलंत. ते चारचौघांत सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा."

दारापर्यंत तो त्यांच्याबरोबर आला. हात द्यावा की नाही हे त्याला कळेना आणि बाईंनीही मागितला नाही.

घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं. इतके दिवस तलवार परजून बसलेला तो गृहस्थ एकदम ढिला पडला. "म्हणजे खरंच कोर्टात जायचं?" त्याने विचारलं. लेक फोनवर म्हणाली, "बरं. तारखा मला कळवत जा." वकिलीणीने आधी न विचारता गेल्याबद्दल बाईंना चांगलं फैलावर घेतलं. मग सगळं दोनदा सांगायला लावलं, आणि दुसऱ्यांदा ऐकताना ती खुर्चीच्या टोकाशी येऊन बसली होती.

त्या सिस्टरला शोधून काढणं अवघड गेलं नाही. ती शेजारच्या गावी एका वृद्धाश्रमात कामाला होती. बाई आणि वकीलीण तिला भेटायला गेल्या तेव्हा ती चादरी वाळत घालत होती. पंचविशीच्या आतबाहेरची, बारीक, डोळ्याला डोळा न भिडवणारी. बाईंना वाटलं होतं की तिला बरं वाटेल. तिने सगळं ऐकलं आणि हातातली चादर झटकून दोरीवर टाकली.

"मला यात ओढू नका," ती म्हणाली. "इथे कुणाला काही माहीत नाही. माझ्यासाठी हा दावा लावताय असं तर मुळीच सांगू नका. मला कुणी विचारलं नव्हतं."

बाईंना ते लागलं, कारण ते खरं होतं. "विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "आता विचारते. तुझं नाव घालू का नको?"

"विचार करून सांगते," सिस्टर म्हणाली आणि दुसरी चादर पिळायला घेतली. बरेच दिवस तिचा काही निरोप आला नाही. वकीलीण रोज विचारायची आणि बाई रोज म्हणायच्या, थांबू या. एक दिवस सिस्टरचा फोन आला, नाव घाला म्हणून, आणि लगेच तिने तो ठेवून दिला.

खटला चालायचा तसाच चालला. रुग्णालयाच्या वकिलाने दोन्ही गुडघ्यांचं पालुपद सोडलं नाही. कधी तो आजारी, कधी त्यांचा साक्षीदार बाहेरगावी. कोर्टाच्या पायऱ्या चढताना बाईंना नवऱ्याच्या खांद्याचा आधार घ्यावा लागायचा आणि लेक म्हणाली होती तेच खरं होणार असं त्यांना कितीदा तरी वाटलं. एकदा तर त्या वकिलीणीला म्हणाल्या, "मिटवून टाक." वकीलीण म्हणाली, "मिटवते, पण हे मला दोन दिवसांनी परत सांगा." दोन दिवसांनी त्या तिला काही बोलल्या नाहीत.

मधल्या काळात त्यांनी उजवा गुडघा दुसऱ्या गावी करून घेतला. ऑपरेशनच्या सकाळी नवऱ्याने पार्सलवर लिहायचा जाड पेन काढून त्यांच्या डाव्या पायावर मोठ्या अक्षरांत "हा नव्हे" असं लिहिलं. तिथली डॉक्टरीण ते वाचून हसली, मग हसू आवरून तिने स्वतःच्या हाताने उजव्यावर खूण केली आणि "हाच" असं बाईंकडून वदवून घेतलं.

डॉक्टरची साक्ष ज्या दिवशी होती त्या दिवशी कोर्टाची खोली अर्धी रिकामी होती. रुग्णालयाच्या वकिलाने त्याला सोपे प्रश्न विचारले, ज्यांची उत्तरं दोघांनी आधी ठरवलेली असावीत. डॉक्टरने पहिल्या दोनांची दिली. तिसऱ्याला तो म्हणाला की डाव्या गुडघ्यावर ऑपरेशन करायचं कधीच ठरलं नव्हतं. वकिलाने प्रश्न फिरवून विचारला. डॉक्टरने तेच सांगितलं. मग तो थांबलाच नाही. ताप आलेला पेशंट, झाकलेला बाण, सिस्टरचा प्रश्न, त्याचं "चला", ती बैठक, सगळं त्याने न्यायाधीशांकडे बघत, बाईंना सांगितलं होतं त्याच क्रमाने सांगितलं. आवाज खाली होता, पण शब्द गिळले नाहीत. व्यवस्थापक उठून फोन करायला बाहेर गेला तो परत आला नाही.

बाईंनी मागे वळून बघितलं तर शेवटच्या बाकावर सिस्टर बसलेली होती. तिच्या साक्षीची तारीख त्या दिवशी नव्हती. डॉक्टर खाली उतरला तेव्हा ती उठली आणि निघून गेली. बाईंना तिच्यामागे जावंसं वाटलं. पण तेवढ्या चालीने जाणं त्यांना शक्य नव्हतं आणि ते बरंच झालं, असं त्या पुढे म्हणायच्या.

निकाल बाईंच्या बाजूने लागला. भरपाई रुग्णालयाने आणि डॉक्टरने मिळून दिली. सिस्टरला काढणं चुकीचं होतं असं रुग्णालयाला लेखी द्यावं लागलं आणि त्यांनी तिला परत बोलावलंही. ती गेली नाही. वृद्धाश्रमातच आहे असं बाईंना कळलं, आता तिथल्या सगळ्या नर्सेसवर ती मुख्य आहे. बाईंना तिने कधी फोन केला नाही. शेजारीण पुन्हा यायला लागली, मात्र डॉक्टरचा विषय दोघींनी कधी काढला नाही.

बाईंचा डावा गुडघा सुधारला, पण जोर देण्याएवढा नाही. क्लच त्यांना नीट दाबता येत नाही, म्हणून शेजारच्या सीटवर त्यांनी एका तरण्याताठ्या शिक्षिकेला बसवलं. ती मोठ्याने ओरडून शिकवते आणि पोरं तिच्या हाताखालून भराभर पास होतात, याचं बाईंना थोडं वाईट वाटतं. त्या स्वतः वर्गात फळ्यापुढे बसून खेळण्यातल्या गाड्या टेबलावर फिरवत चौकाचे नियम सांगतात. कधीमधी मागच्या सीटवर बसून एखादी फेरी मारून येतात. मागे ब्रेक नसतो, त्यामुळे पाय उगाच हवेत दाबला जातो.

डॉक्टरने मोठं रुग्णालय सोडलं, का त्याला सोडावं लागलं, ते नक्की कुणाला ठाऊक नाही. भाजी मंडईजवळ त्याने छोटा दवाखाना टाकला. सुरुवातीला तिथे कुणी फिरकत नव्हतं, आता बाक भरलेला असतो. एकदा बाई भाजी घेत असताना तो समोरून आला. दोघांनाही टाळता आलं असतं. तो थांबला.

"गुडघा कसा आहे?" त्याने विचारलं.

"उतरताना दुखतो," बाई म्हणाल्या. "थंडीत जास्त."

त्याने मान हलवली. गरम पाण्याने शेकत जा, मांडीचे व्यायाम सोडू नका, असं सांगितलं. बाईंनी बरं म्हटलं. मग तो दवाखान्याकडे गेला आणि बाई कांद्यांचा भाव विचारायला लागल्या.